भाऊंची दोन हृदयं

ऑपरेशन झाल्यावर वहिनींनी मोठ्या डॉक्टरांना पहिला प्रश्न विचारला तो असा, "मग जुनं कुठे ठेवलंत?"

मोठे डॉक्टर अजून ऑपरेशनच्या टोपीतच होते. डोळे तांबारलेले, कपाळावर टोपीच्या नाडीचा वळ. त्यांनी भिंतीला पाठ टेकवली आणि म्हणाले, "जुनं जागेवरच आहे. नवीन त्याच्या शेजारी बसवलंय, उजव्या अंगाला. मी तुम्हाला आधी समजावलं होतं."

समजावलं होतं हे खरं. कागदावर चित्रही काढून दाखवलं होतं. पण ते चित्र म्हणजे नळीने जोडलेले दोन बटाटे दिसत होते, आणि वहिनींचा समज असा झाला होता की एक बटाटा आधीचा आणि एक नंतरचा. डॉक्टरांसमोर पुन्हा पुन्हा विचारायचं कसं, म्हणून त्यांनी मान डोलावली होती.

"म्हणजे आता दोन आहेत?"

"दोन."

"आणि दोन्ही चालू?"

"दोन्ही चालू. जुनं आपलं कसंबसं."

वहिनी बाकावर बसल्या. नवरा वाचला याचा आनंद करायचा होता, पण तो आनंद कुठून सुरू करावा हेच त्यांना सुचेना.

भाऊ न्हावी होते. सलून त्यांचं स्वतःचं, दोन खुर्च्यांचं. त्यातली दुसरी खुर्ची पेपर वाचणाऱ्यांसाठीच. गिऱ्हाईक त्यांना भाऊ म्हणायचं म्हणून त्यांची बायको सगळ्या गल्लीची वहिनी झाली होती. एका साध्या तापाचं निमित्त झालं आणि भाऊंचं हृदय फुगत गेलं. आधी जिना चढताना दम लागायचा, मग दाढी करताना. शेवटी शेवटी तर गिऱ्हाइकाचा एक गाल झाला की भाऊ खुर्चीच्या हातावर टेकायचे, आणि गिऱ्हाईक बिचारं फेस लावलेला दुसरा गाल घेऊन आरशात बघत बसायचं. कुणी तक्रार केली नाही. उलट एकदा एकाने उठून त्यांनाच खुर्चीत बसवलं आणि पाणी पाजलं.

मोठ्या डॉक्टरांनी त्या वेळी काही लपवलं नव्हतं. ते म्हणाले होते, "काही वर्षांपूर्वी या ऑपरेशनचं जगभर वेड लागलं होतं. जो तो हृदय बदलायला निघाला. आम्हीही केली. पेशंट उठून बसायचे, फोटो काढून घ्यायचे, पेपरात छापून यायचं. आणि काही आठवड्यांत जायचे. टाके घालण्यात आमची चूक नव्हती. शरीरच ते परकं हृदय आपलं म्हणायला तयार नसायचं, त्याच्यावर तुटून पडायचं. एकेक करून सगळ्यांनी हात आखडता घेतला. मीही घेतला."

"मग आता पुन्हा का?" वहिनींनी विचारलं होतं.

"मधल्या काळात थोडं शिकलो. मानेतल्या शिरेतून नळी घालून हृदयाचा कणभर तुकडा काढता येतो आता. तो बघितला की शरीर बिथरायला लागलंय का ते वेळेवर कळतं. आणि दुसरं म्हणजे, जुनं काढायचंच नाही. नवीन रुसलं तर जुनं थोडे दिवस ओढून नेईल, तेवढ्यात आम्ही औषधं वाढवू."

हे सगळं वहिनींनी ऐकलं होतं. पण ऐकणं वेगळं आणि दोन हृदयांचा नवरा घरी आणणं वेगळं.

भाऊ घरी आले ते गाल फुगवून. औषधांनी चेहरा असा गोल झाला होता की सासूबाईंनी आधी दारातून मागे कोण येतंय ते बघितलं, मग म्हणाल्या, "हा आमचाच का?" आवाज ऐकला तेव्हा पटलं. मग त्यांनी लेकाला जवळ बसवून सगळी चौकशी केली आणि डाव्या बाजूवर हात ठेवून जाहीर केलं, "हे माझं. हे मी दिलेलं. पलीकडचं काय ते तुम्ही आणि तुमचे डॉक्टर बघा." त्या दिवसापासून त्या नेहमी भाऊंच्या डाव्या हाताला बसू लागल्या.

वहिनींना मात्र अशी वाटणी करता येईना. लग्न झालं ते डावीकडच्याशी, ते कबूल. पण नवरा सकाळी उठून स्वतःच्या पायांनी मोरीपर्यंत जातो, तो उजवीकडच्याच्या जोरावर. मग एखाद्या दिवशी ते आपल्याकडे बघून हसले तर ते नक्की कोण हसलं? हृदयाचा हसण्याशी संबंध नाही, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. तो एक पंप आहे, पाण्याचा असतो तसा. वहिनींना हे पटायचं, आणि भाजी चिरता चिरता पुन्हा पटेनासं व्हायचं. बोलायचीही पंचाईत झाली. "काळजाचा ठोका चुकला" असं कुणी सहज म्हणालं तरी त्या थबकायच्या. कुठल्या काळजाचा?

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर सलून उघडलं. अट एकच, खोकणारा माणूस जवळ फिरकता कामा नये. परकं हृदय टिकावं म्हणून शरीराची सगळी राखणच औषधांनी झोपवून ठेवली होती. वहिनींनी घरच्या मशीनवर कापडी पट्ट्या शिवल्या आणि स्वतः दारात स्टूल टाकून बसल्या. येईल त्याच्या तोंडाला पट्टी. दाढी करायला येणाऱ्यांची अडचण व्हायची, पण पट्टी वर सरकवून नाक तेवढं झाकून कसं बसायचं, ते त्या शिकवायच्या. कुणी शिंकला की वहिनी नुसतं बघायच्या, आणि माणूस आपण होऊन बाहेर जायचा.

पोस्टातून निवृत्त झालेले एक काका रोज पेपर वाचायला यायचे. ते म्हणाले, "भाऊ, तुमच्याकडे दाढी करायला आता भीती नाही. दोन हृदयांतलं एक तरी दयाळू असणारच."

भाऊ हसले. भाऊंचं हे बरं होतं. ते वहिनींना म्हणायचे, "मला काही वेगळं वाटत नाही. भूक लागते, झोप लागते, तुझी बोलणी खावी लागतात. आणखी काय पाहिजे?"

पट्टी बांधून येणाऱ्यांत एक नवीन माणूस दिसायला लागला. तिशीचा, काटकुळा, नखांच्या कडांना निळा-पिवळा रंग. दुकानांच्या पाट्या रंगवतो म्हणाला. केस कापून गेला. आठवड्याने पुन्हा आला, थोडे कमी करा म्हणाला. पुन्हा आला. बसला की बोलायचा नाही. आरशातून भाऊंच्या शर्टाच्या बटणांकडे बघत राहायचा. चौथ्या-पाचव्या खेपेला भाऊंनी कंगवा फिरवला आणि कात्री खाली ठेवली.

"दादा, कापायला काही उरलंच नाही. आता काय ते सांगून टाका."

पेंटर मान खाली घालून म्हणाला, "तुमच्या उजव्या बाजूला आहे, ती माझी धाकटी बहीण."

दुकानात पेपर वाचणारे काका होते, ते पेपरची घडी घालून हळूच बाहेर गेले. वहिनी दारातल्या स्टुलावरून उठल्या. पेपरात त्या मुलीचा फोटो छापून आला होता, तो त्यांनी पाहिला होता. सायकलवरून कामाला जाताना गाडीने उडवलं होतं. दोन वेण्यांचा फोटो, बहुतेक शाळेतला. त्या दिवशी वहिनींनी पेपर उलटा करून ठेवला होता. आपल्या घरात उजेड आला तो कुणाच्या घरातून काढून आणलाय, हे बघण्याची त्यांची छाती झाली नव्हती.

"एकदा ऐकू का?" पेंटरने विचारलं.

भाऊंनी शर्टाची बटणं सोडली आणि ते गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसले. पेंटरने गुडघे टेकून त्यांच्या उजव्या बरगडीला कान लावला. बराच वेळ तो हलला नाही. मग त्याने कान थोडा डावीकडे नेला, पुन्हा उजवीकडे आणला. कपाळाला आठी पडली.

"दोन ऐकू येतायत. एकात एक मिसळतायत. तिचं कुठलं?"

"उजवीकडचं," वहिनी म्हणाल्या. "मोठं वाजतं ते, असं डॉक्टर म्हणतात."

"कधी हे मोठं वाजतंय, कधी ते." तो उठला, गुडघे झटकले. ज्यासाठी इतक्या वेळा केस कापून घेतले ते ऐकून झालं होतं, आणि तो आला तेव्हापेक्षा जास्त गोंधळलेला दिसत होता. दारापर्यंत गेला, आणि पाठमोराच म्हणाला, "मी सही केली तेव्हा तिचा हात गरम होता. छाती वरखाली होत होती. डॉक्टर म्हणाले, मशीन हलवतंय तिला, ती गेलीय. मी म्हटलं, पण हृदय तर चालू आहे ना? ते म्हणाले, चालू आहे म्हणूनच विचारतोय. मी सही केली." तो वळला. "भाऊ, मी दिली तेव्हा ती जिवंत होती का?"

भाऊ बटणं लावत होते, ते अर्ध्यातच थांबले. लोकांच्या दाढ्या करता करता त्यांनी हजार प्रश्नांची उत्तरं दिली होती. या वेळी एवढंच म्हणाले, "दादा, मला खरंच माहीत नाही."

पेंटर गेला, आणि पुन्हा आला नाही.

त्याचा प्रश्न मात्र वहिनींच्या घरी राहायला आला. पुढच्या तपासणीला त्यांनी चष्मेवाल्या डॉक्टरीणबाईंना गाठलं. या मोठ्या डॉक्टरांच्या हाताखालच्या. वयाने लहान, बोलायला मोकळ्या.

"मेंदू मेला की माणूस गेला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मग मशीनने श्वास चालू ठेवला तर हृदय थोडा वेळ आपलं आपण चालतं. त्याला कळत नाही ना, मालक गेलाय ते."

"सगळे असंच मानतात?"

डॉक्टरीणबाईंनी चष्मा पुसला. "सगळे नाही. डॉक्टरांतच वाद आहेत. काही ठिकाणी कायदा बदललाय, काही ठिकाणी अजून हृदय थांबल्याशिवाय माणूस मेला असं लिहिताच येत नाही."

"म्हणजे सीमा ओलांडली की मेलेला माणूस जिवंत?"

"कागदावर, हो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि स्वतःच्याच बोलण्यावर त्यांना अवघडल्यासारखं झालं.

वहिनी घरी आल्या त्या आणखी गोंधळ घेऊन.

असे काही महिने गेले. मग एका सकाळी नेहमीच्या तपासणीला भाऊ खाटेवर आडवे झाले. डॉक्टरीणबाईंनी छातीला, मनगटांना तारा लावल्या, मशीन सुरू केलं. भाऊंचा कार्डिओग्राम म्हणजे दवाखान्यात एक तमाशाच होता. दोन हृदयांच्या दोन रेघा एकमेकींच्या पायात पाय घालून चालायच्या, आणि शिकाऊ डॉक्टर त्या बघायला जमायचे. त्या दिवशी भाऊ नव्या वस्तऱ्याची गोष्ट सांगत होते. पोलाद चांगलं आहे, पण मूठ हातात बसत नाही, असं काहीतरी. बोलता बोलता म्हणाले, "जरा डोकं हलकं वाटतंय बरं का."

डॉक्टरीणबाई कागदाकडे बघत होत्या. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी दारातून कुणाला तरी हाक मारली, झटक्याचं मशीन आणायला सांगितलं, मोठ्या डॉक्टरांना बोलवायला सांगितलं. मग भाऊंच्या मनगटावर बोटं ठेवली आणि तशाच उभ्या राहिल्या.

"काय झालं?" भाऊंनी विचारलं.

"तुमचं हृदय थांबलंय."

"कुठलं?"

"जुनं. नुसतं थरथरतंय, रक्त ढकलत नाही."

"अरे वा," भाऊ म्हणाले. "मग मी बोलतोय कसा?"

वहिनी खाटेच्या पायाशी उभ्या होत्या. डावीकडचं, सासूबाईंनी दिलेलं, ज्याच्याशी आपलं लग्न झालं ते, थांबलं होतं. आयुष्यभर ज्या बातमीची धास्ती बाळगली तीच कानांवर आली होती, आणि ज्याच्याबद्दल बातमी होती तो माणूस उशीवर मान वर करून विचारत होता, "पाणी मिळेल का घोटभर?" रडायचं, तर कुणासाठी? त्यांनी तांब्याकडे हात नेला. डॉक्टरीणबाईंनी मान हलवली, आत्ता पाणी नको.

मोठे डॉक्टर आले. कागद बघितला, भाऊंना बघितलं, आणि घाई न करता बाही सरकवली. "झोपेचं इंजेक्शन देतो, मग एक झटका. बहुतेक पुन्हा सुरू होईल. नाही झालं तरी शेजारचं समर्थ आहे."

"डॉक्टर," वहिनी म्हणाल्या. हे विचारायची ही वेळ नव्हे हे त्यांना कळत होतं, पण थांबता येईना. "हे आहेत ना?"

"आहेत की. बोलतायत बघा."

"म्हणजे स्वतःचं हृदय थांबलं तरी माणूस असतो."

"असतो."

"आणि हृदय चालू असून माणूस नसतो?"

मोठ्या डॉक्टरांनी सुईतली हवा काढली. त्यांना प्रश्न कुठून आला ते कळलं असावं. "नसतो," ते म्हणाले. "पण ते पटायला फार जड जातं. त्या मुलीच्या वेळी सगळ्या तपासण्या मी दोनदा करून घेतल्या होत्या. तरी हात लावायच्या आधी थांबलो होतो थोडा."

झटक्याने जुनं हृदय पुन्हा सुरू झालं. जागे झाल्यावर भाऊंनी पहिली तक्रार केली ती छातीवरचे केस जळल्याची.

दोन दिवसांनी वहिनी पेंटरला शोधायला निघाल्या. त्याच्या घरी कळलं की तो बाजारपेठेत एका चपलांच्या दुकानाची पाटी रंगवतोय. तो शिडीवर होता, एका अक्षराची वेलांटी काढत. वहिनी शिडीखाली उभ्या राहिल्या आणि मान वर करूनच सगळं सांगितलं. भाऊंचं हृदय थांबलं, तरी भाऊ होते. पाणी मागत होते. म्हणजे माणूस हृदयात नसतो.

"म्हणजे तुमची बहीण तेव्हा नव्हती," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही दिलंत तेव्हा ती आधीच गेलेली होती. तुम्ही काही चुकीचं केलं नाहीत."

पेंटरने वेलांटी पुरी केली, मग ब्रश डब्यात ठेवून खाली आला. शिडीच्या खालच्या पायरीवर बसला.

"भाऊ बोलत होते, म्हणून ते होते."

"हो."

"ती बोलत नव्हती. पण वहिनी, झोपलेला माणूसही बोलत नाही."

वाटेत वहिनींनी सगळं नीट जुळवून आणलं होतं, आणि या एका वाक्याने ते पुन्हा विस्कटलं.

"झोपलेला उठतो," त्या म्हणाल्या. "ती उठणार नव्हती."

"हे डॉक्टरांनी सांगितलं."

"हो. डॉक्टरांनी सांगितलं."

पेंटर म्हणाला, "आणि समजा माणूस हृदयात नसतोच, तर मग मी तुमच्या दुकानात काय ऐकायला आलो होतो?"

"ते मला नाही सांगता येणार," वहिनी म्हणाल्या. "मी तरी रोज उजवीकडे कान लावून बघते. का, ते कळत नाही. पण लावते."

तो हसला नाही, पण त्याचा चेहरा सैल झाला. पदराला रंग लागेल म्हणून त्याने डबा बाजूला सरकवला आणि विचारलं, "आता भाऊ कसे आहेत? जेवतायत का?"

तेव्हापासून तो परत यायला लागला. केस वाढले की यायचा, नाही वाढले तरी यायचा. पुन्हा कान लावू का, असं त्याने कधी विचारलं नाही. जाताना मात्र "जपा हं" म्हणायचा, आणि ते भाऊंना म्हणायचा की बहिणीला, हे कुणी विचारलं नाही.

पुढल्या वर्षी भाऊंचं जुनं हृदय पुन्हा थांबलं, आणि या वेळी कुणाच्या लक्षातही आलं नाही. तपासणीला गेले तेव्हा कागदावर एकच रेघ चालताना दिसली. किती दिवस झाले असतील, तेही सांगता येईना. झटक्याचा उपयोग झाला नाही. आत रक्त गोठू नये म्हणून औषध सुरू झालं आणि भाऊंचा वस्तरा जरा जपून चालू लागला, गिऱ्हाइकापेक्षा स्वतःच्या बोटांसाठी. सासूबाईंना हे सांगायचं नाही, असं नवरा-बायकोने ठरवलं. त्या डावीकडेच बसत राहिल्या. बोलता बोलता लेकाच्या छातीवर हात ठेवायच्या आणि म्हणायच्या, "चाललंय बाई छान." शेजारचा ठोका तिथवर पोचत असेल कदाचित. वहिनी उठून स्वयंपाकघरात जायच्या. त्यांना हसू येतंय की रडू, हे गॅसजवळ उभं राहूनही ठरायचं नाही.

भाऊ असेच आणखी काही वर्षं जगले. मोठ्या डॉक्टरांच्या अंदाजापेक्षा पुष्कळ जास्त, आणि वहिनींच्या हिशेबाने फारच थोडी. शेवटी न्युमोनियाने गाठलं. कोण कुठे खोकला, कुणास ठाऊक. दारातल्या स्टुलावरून सगळं थोडंच दिसतं. मातीतल्या बुरशीपासून काढलेलं एक नवीन औषध तेव्हा परदेशात निघालं होतं. त्याने शरीर परक्या हृदयावर तुटून पडत नाही आणि बाकीची राखणही सगळी झोपत नाही, असं डॉक्टरीणबाई सांगत होत्या. ते इथे आलं तेव्हा भाऊ नव्हते. त्याच औषधाच्या जोरावर पुढे ही ऑपरेशनं पुन्हा सगळीकडे सुरू झाली. आता तर जुनं हृदय सरळ काढूनच टाकतात. शेजारी बसवण्याची गरज क्वचितच पडते.

भाऊ गेल्याच्या दुसऱ्या दिवशी घर माणसांनी भरलं. गल्लीतली गिऱ्हाइकं आली, काका आले. पेंटर आला आणि उंबऱ्याशी घुटमळला. वहिनी पुढे झाल्या. धीर द्यायला आपण पुढे झालो की घ्यायला, हे त्यांना समजेना. त्याचंही तेच झालं असावं. बहिणीचं जे काही या जगात उरलं होतं, तेही काल थांबलं होतं. तो काहीतरी म्हणायला गेला आणि म्हणाला, "वहिनी, तुमचं..." वहिनींनी त्याला हाताला धरून आत आणलं आणि सासूबाईंच्या शेजारी बसवलं.

बाहेरगावाहून आलेल्या एका नात्यातल्या बाईंनी हळू आवाजात विचारलं, "हे कोण? भाऊंचे कोण लागतात?"

वहिनींनी तोंड उघडलं, आणि त्यांच्या लक्षात आलं की या नात्याला शब्दच नाही. दीर म्हणावं तर नव्हे, व्याही म्हणावं तर नव्हे. त्यांनी थोडा विचार करून बघितला.

"घरचेच आहेत," त्या म्हणाल्या, आणि पाणी आणायला आत गेल्या.